संत गोन्सालो गार्सिया : व्यापारी ते धर्मबंधू



काही आठवड्यांपूर्वी मिस्सा संपल्यावर आपल्यापैकीच एक दुकानदार गृहस्थ मला सॅक्रिस्टीच्या दारात भेटले. त्यांची तक्रार अशी होती की फादर दर रविवारी ऐहिक वृत्ती सोडा आणि आध्यात्मिक वृत्ती धरा म्हणून सांगतात, पण सोमवारी सकाळी शटर वर करावेच लागते, उधारी मागावीच लागते, मुलांची फी भरावीच लागते. मग आम्ही संसारी माणसे ख्रिस्तसभेत कायमची दुसऱ्या दर्जाचीच राहणार का? मी उभ्या उभ्या त्यांना काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले की नाही ठाऊक नाही, मला स्वतःला मात्र पटले नाही. घरी येऊन जेवताना तोच प्रश्न डोक्यात होता.

येत्या ६ फेब्रुवारीला आपण संत गोन्सालो गार्सिया यांचा सण साजरा करतो. विचार करता करता लक्षात आले की त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या उपदेशापेक्षा या वसईच्या व्यापाऱ्याच्या आयुष्यात अधिक चांगले सापडेल. म्हणून या वेळी उपदेश बाजूला ठेवून त्याचे चरित्रच लिहितो. आपल्या मातीतला मुलगा म्हणून त्याचा उल्लेख एकेरीत करतो. ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखात संताला एकेरीत हाक मारणे म्हणजे अनादर नव्हे, हे आपण सर्व जाणता.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे आली होती. किल्ल्याच्या आत चर्चेस, मठ, कॉलेज, श्रीमंतांची घरे. बाहेर कोळी, आगरी, भंडारी, शेतकरी, आणि बंदरात ये-जा करणारी गलबते. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. घरात एक भाषा बापाची, एक आईची. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन भाषांच्या मध्ये उभे राहण्याची सवय या मुलाला लहानपणापासून होती आणि पुढे त्याचे सगळे आयुष्य, आणि मरणही, त्याच सवयीवर बेतले गेले.

तो येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत शिकला आणि त्यांच्याच हाताखाली वाढला. ऐन पंधराव्या वर्षी, १५७२ मध्ये, त्यांच्यासोबत तो जपानला गेला. जपानमध्ये श्रद्धेचे बीज संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ मध्ये पेरले होते. गोन्सालो पोहोचला तेव्हा तिथे गरज होती ती भाषा जाणणाऱ्या माणसांची. विद्वान धर्मगुरूंना जी भाषा वर्षानुवर्षे जड जात होती, ती या मुलाने लवकर आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केले: मुलांना शिकवणे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांपर्यंत पोहोचवणे, लोकांचे धर्मगुरूंपर्यंत. जपानी लोकांचा तो लाडका झाला.

या सगळ्या काळात त्याच्या मनात एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. त्याने विनंती केली, वाट पाहिली, पुन्हा विनंती केली. प्रवेश मिळाला नाही. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या, आईकडून एतद्देशीय असलेल्या मुलांना संघात घ्यायला युरोपियन वरिष्ठ फार कचरत असत. ही इतिहासाची गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कामाला चालतो, पण घरचा म्हणून चालत नाही, हा अनुभव आपल्यापैकी कितीतरी जणांना कारखान्यात, ऑफिसात, आणि सांगायला वाईट वाटते, चर्चच्या आवारातही आला असेल.

गोन्सालो दुखावला आणि संघाचे काम सोडून निघून गेला.

इथे थोडे थांबू या. संतांची चरित्रे लिहिणारे बहुधा हा भाग दोन ओळींत उरकतात, कारण संत रागावून निघून गेला हे लिहायला संकोच वाटतो. मला उलट वाटते. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात देहाच्या मनोवृत्तीबद्दल आणि आत्म्याच्या मनोवृत्तीबद्दल सांगितले आहे. तिथला देह म्हणजे हाडामांसाचे शरीर, असा आपण चटकन अर्थ लावतो. ग्रीक भाषेत शरीराला 'सोमा' असा वेगळा शब्द आहे. पौल इथे 'सार्क्स' हा शब्द मुख्यतः योजतो, आणि त्याने त्याला सुचवायचा आहे तो देवाकडे पाठ फिरवून स्वतःभोवती फिरणारा सगळा माणूस, बुद्धी आणि मन यांसकट. याचा अर्थ असा की देहबुद्धी फक्त बाजारात नसते. ती प्रार्थनेतही असू शकते. पवित्र पद हवे असणे, मान हवा असणे, आपल्या सेवेची कोणी दखल घ्यावी असे वाटणे, यात देवाचे किती आणि आपले किती, हे सांगणे सोपे नाही. गोन्सालोच्या त्या इच्छेतही दोन्ही मिसळलेले असणार. आपल्या सगळ्यांच्या इच्छेत असते. वेदीवर उभे राहणाऱ्याच्याही असते, हे मी स्वतःकडे पाहून लिहितो आहे.

तर गोन्सालोने व्यापार सुरू केला, आणि तो उत्तम चालला. त्या समुद्रात तेव्हा व्यापाराला कशी बरकत होती ते समजून घ्या. चीनच्या बादशाहीने जपानशी थेट व्यापाराला बंदी घातली होती. जपानला चिनी रेशीम हवे होते आणि चीनला जपानी चांदी. मध्ये होते मकावचे पोर्तुगीज. त्यांचे मोठे जहाज वर्षातून एकदा रेशीम घेऊन जाई आणि चांदी घेऊन येई. नागासाकी हे बंदर १५७१ पासून याच व्यापारावर उभे राहिले. ज्याला जपानी अस्खलित येते, जपानी माणसाचा स्वभाव कळतो, ज्याच्या शब्दावर तिथले लोक विश्वास ठेवतात, अशा माणसाला दलाली आणि सौद्यात किती मागणी असेल याचा अंदाज उल्हासनगरच्या माणसाला करून द्यायला नको. गोन्सालोचा धंदा वाढला, ओळखी वाढल्या, पैसा आला. तिशीच्या आत तो यशस्वी माणूस होता.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्याच रेशमाच्या व्यापारात जपानमधल्या येशूसंघाचाही ठरलेला हिस्सा होता, कारण मिशनचा खर्च भागवायला दुसरी सोय नव्हती. म्हणजे ज्याने संघ सोडला तो व्यापारात होता आणि ज्यांना तो सोडून आला त्यांचाही त्यात हिस्सा होता. ऐहिक इकडे आणि आध्यात्मिक तिकडे अशी रेघ मारायला गेलो तर खडू हातातच राहतो.

गोन्सालोला लुटारू किंवा ठक म्हणून कोणी कधी दोष दिलेला नाही. तो श्रद्धा सोडून गेला असेही नाही. तो फक्त यशस्वी होता आणि आत कुठेतरी रिकामा होता. त्याची अस्वस्थता वाढत गेली ती एका अनवाणी माणसामुळे, असे त्याची कथा सांगणारे सांगतात. हा माणूस म्हणजे फ्रान्सिस्कन धर्मबंधू हुआन पोब्रे. पोब्रे या स्पॅनिश शब्दाचा अर्थच गरीब. फाटका झगा, पायात काही नाही, आणि चेहऱ्यावर असा आनंद की व्यापाऱ्याला हिशेब लागेना. गोन्सालो धंदा आवरून मनिलाला आला आणि १५८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या फ्रान्सिस्कन मठात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नव्हे. साधा धर्मबंधू म्हणून, झाडलोट आणि स्वयंपाक करणारा, निरोप नेणारा. ज्या माणसाला एकेकाळी नाकारले गेल्याचे इतके लागले होते, त्याने आता सर्वांत खालची जागा मागून घेतली. जखम भरली होती, एवढेच मी म्हणेन.

आता देवाची गंमत पाहा. व्यापार सोडून आलेल्या माणसाला देवाने कामाला लावले ते व्यापारात तासून निघालेल्या कौशल्याच्याच. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरला जपानच्या सत्ताधीशाकडे, तोयोतोमी हिदेयोशीकडे, वकील पाठवायचे होते. हिदेयोशी फिलिपाइन्सने आपले मांडलिकत्व पत्करावे म्हणून धमक्या देत होता. पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना प्रमुख नेमले गेले. पण त्यांना जपानी येत नव्हते. मठात झाडू मारणाऱ्या धर्मबंधूला येत होते.

हिदेयोशी त्या वेळी कोरियावरच्या स्वारीसाठी क्यूशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात होता. (आजचे मोठे नागोया शहर वेगळे.) शेतकरी घरातून वर येऊन अख्खा जपान मुठीत घेतलेला हा माणूस, लहरी आणि निष्ठुर. १५८७ मध्येच त्याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण व्यापार बुडेल म्हणून तो पुरता अमलात आणला नव्हता. अशा माणसापुढे वसईचा गोन्सालो दुभाषी म्हणून उभा राहिला. मांडलिकत्वाची मागणी टोलवायची, पण राग येऊ द्यायचा नाही, हे काम कसलेल्या व्यापाऱ्याचे होते. बोलणी अशा रीतीने झाली की हिदेयोशीने या गरीब मठवाशांना क्योतोमध्ये राहण्याची परवानगी आणि जागाही दिली. १५९४ मध्ये तिथे छोटे चर्च आणि मठ उभे राहिले. शेजारी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने उघडले. ज्यांना गावाने टाकले होते त्यांच्या जखमा धुण्याचे काम सुरू झाले आणि लोक ते पाहायला येऊ लागले.

हे सगळे सुरळीत चालले होते असे मात्र समजू नका. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ मध्ये जपान येशूसंघाकडे राखून ठेवले होते. येशूसंघ पोर्तुगालच्या राजाश्रयाखाली, फ्रान्सिस्कन स्पेनच्या. वकील म्हणून आलेले फ्रान्सिस्कन राहिले आणि उघडपणे उपदेश करू लागले, याचा येशूसंघीयांना धसका बसला. राज्यकर्त्याला न डिवचता सावधपणे काम करावे असे त्यांचे मत होते. दोन्ही बाजूंना तळमळ होती आणि दोन्ही बाजूंना आपापल्या झेंड्याचा अभिमानही होता. आपल्याकडे कोणत्या गटाने सणाची वर्गणी गोळा करायची यावरून बोलणे बंद होते, तेव्हा मला क्योतो आठवते.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले सान फेलिपे हे मालाने गच्च भरलेले स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले. हिदेयोशीची तिजोरी कोरियाच्या युद्धाने खंगली होती, आणि त्याच वर्षी भूकंपाने त्याचा फुशिमीचा किल्ला कोसळला होता. त्याने माल जप्त केला. त्या वेळी गलबतावरच्या सुकाणूधाराने स्पेनचे साम्राज्य नकाशावर दाखवून बढाई मारली आणि आधी मिशनरी जातात, मागून सैन्य, अशा अर्थाचे बोलला, असा वृत्तांत आहे. तो नेमके काय बोलला यावर येशूसंघीय आणि फ्रान्सिस्कन यांच्यात पुढे पुष्कळ वाद झाले. परिणामाबद्दल वाद नाही. हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना पकडण्याचा हुकूम दिला. डिसेंबरमध्ये मठाला पहारा बसला.

पकडलेल्यांची यादी मी आपल्यासमोर ठेवू इच्छितो, कारण त्या दुकानदार गृहस्थांच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे असे मला वाटते. शेवटी जे २६ जण क्रूसावर गेले, त्यांत सहा फ्रान्सिस्कन आणि तीन येशूसंघीय होते. बाकी १७ जण जपानी प्रापंचिक होते. मिखाएल कोझाकी धनुष्यबाण बनवणारा, आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा थॉमस. कोस्मे ताकेया तलवारींचा कारागीर. एक फ्रान्सिस वैद्य होता. दुसरा फ्रान्सिस सुतार. हा सुतार मूळ यादीत नव्हता. कैद्यांच्या मागोमाग चालत त्यांची सेवा करू लागला, म्हणून शिपायांनी त्यालाही धरले. आपल्या फर्निचर बाजारात रंधा मारणाऱ्या कोणाही माणसाने हे नाव लक्षात ठेवावे. यांच्यापैकी कोणी धर्मगुरू किंवा धर्मबंधू नव्हते. गोन्सालोने व्यापार सोडला आणि तो संत झाला. कोस्मे तलवारींचा कारागीर होता आणि तोही संत झाला. दोघांचे क्रूस एकाच रांगेत होते.

आणि गोन्सालोसारखाच आणखी एक माजी व्यापारी त्यांच्यात होता, मेक्सिकोचा फिलिप. तो तरुणपणी फ्रान्सिस्कन मठ सोडून पळाला होता, मनिलात व्यापार आणि चैन करून पुन्हा मठात परतला होता. धर्मगुरुपदाची दीक्षा घ्यायला घरी निघाला आणि नेमका त्याच सान फेलिपे गलबतावर होता.

१५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतोमध्ये त्यांच्या डाव्या कानांचे तुकडे कापण्यात आले. गाड्यांवर घालून रस्त्यांतून धिंड काढली. नंतर कडाक्याच्या थंडीत त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले; जवळजवळ महिनाभराची ती वाट होती. वाटेत थॉमस कोझाकीने आईला पत्र लिहिले. ते पोहोचलेच नाही. पुढे बापाच्या रक्ताळलेल्या कपड्यांत सापडले. त्यात त्याने आईला धीर दिला होता आणि लहान भावांची काळजी घ्यायला सांगितले होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी ते नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोहोचले. क्रूस जमिनीवर मांडून ठेवलेले होते. गोन्सालो पुढे होता. तो एका क्रूसाजवळ गेला आणि हा माझा का, असे त्याने विचारले. नाही म्हटल्यावर शिपायाने दाखवलेल्या दुसऱ्या क्रूसापाशी जाऊन त्याने गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका दारापुढे उभे राहून त्याने आत घेण्याची विनंती केली होती आणि ते दार उघडले नव्हते. हे चित्र डोळ्यांपुढे आले की मला ते दार आठवते. त्यांना खिळे ठोकले नाहीत, दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी जखडले, आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसले. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्यापेक्षा थोडा लहानच.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्याला धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सर्व २६ रक्तसाक्ष्यांना संतपद दिले. २००८ मध्ये केरळच्या संत अल्फोन्सा यांना संतपद मिळेपर्यंत भारतात जन्मलेला संत म्हणून गोन्सालोचे एकट्याचेच नाव घेतले जाई. जपानमध्ये १६१४ नंतर ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली, तरी धर्मगुरूंशिवाय, चर्चशिवाय, सुमारे अडीचशे वर्षे शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी श्रद्धा लपवून जपली. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये हे गुप्त ख्रिस्ती पहिल्यांदा पुढे आले. ते चर्च याच २६ रक्तसाक्ष्यांना वाहिलेले आहे. म्हणजे त्या वेदीवर वसईकराचेही नाव होते. निशिझाका टेकडीवर १९६२ पासून ब्राँझचे मोठे स्मारक आहे, त्यात २६ जण रांगेने उभे आहेत.

इकडे वसईत १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली, वडांच्या मुळांनी भिंती फोडल्या. गोन्सालोची आठवण मात्र पुन्हा जागी झाली. गासच्या चर्चला त्याचे नाव आहे, वसईच्या कॉलेजलाही आहे. आपल्या धर्मग्रामात वसईहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना हे माहीत असेलच; नगर, संगमनेर, जालन्याकडून आलेल्यांनी एकदा जाऊन पाहावे. कल्याणहून दिव्याला उतरून वसईची गाडी पकडली की फार लांब नाही. आपल्या शहरात जपानी बाजार आहे, तिथे बरेच जण कापड घ्यायला जातात. जपानशी आपले याहून जुने नाते आहे, हे मुलांना या निमित्ताने सांगता येईल.

किल्ल्यात गेलात तर येशूसंघाच्या जुन्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी दिसेल. येशूच्या पवित्र नावाला वाहिलेले ते चर्च. संघाने ज्या मुलाला आत घेतले नाही, त्याच्याच नावाने आज लोक ते ओळखतात: गोन्सालो गार्सियाचे चर्च.